मठातला मासा

फ्रीमाँट,
१६ जानेवारी २००७

चि. आशू,

परवा संक्रांत झाली. सुवर्णाने तिळगूळ करायला घेतला, पण इथल्या अमेरिकेतल्या गुळाचा पाक काही जमेना. वड्या पडल्या नाहीत, तेव्हा आम्ही तो चमच्याने खाल्ला. तुझ्या वाटणीचा डबीत घालून ठेवलाय. पोस्टाने पाठवू या म्हटलं, तर शैलेंद्र म्हणतो, "बाबा, कशाला? खाऊन ती गोड बोलणार आहे का?" तुझ्या भावाला कुठे थांबावं ते कळत नाही. हे त्याने कोणाकडून उचललं ते सांगायला नको.

मी फोन केला की तुमच्याकडचं यंत्र बोलतं. त्याचं इंग्रजी मला आता पाठ झालंय. म्हणून पत्र. शाळा सातवीला सुटली. पुढचं जे काय येतं ते दुकानात पंपाच्या मोटारी रिवाइंड करताना, गिऱ्हाईक नसलं की हाताला लागेल ते वाचत शिकलो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस.

लियांगला माझा आशीर्वाद सांग. चीनमधले, चेंगदूतले ते पहिले पाच दिवस मी अजून जिभेवर घोळवतो. तुम्ही दोघं श्रूजबरीहून आलात, मी चिपळूणहून. तुमच्या कोर्टातल्या लग्नाला मी आलो नव्हतो, म्हणून विहीणबाईंनी त्यांच्या गावी नातलगांना जेवण घालायचं काढलं आणि मलाच मुख्य पाहुणा केलं. त्याआधीचे दिवस जावयाने मला हाताला धरून गल्लीबोळांतून खायला नेलं. प्रत्येक गाडीपाशी तो आधी विचारायचा, यात डुकराची चरबी आहे का. बाई नाही म्हणाली की माझ्याकडे वळून म्हणायचा, "बाबा, खा." तू शिकवलेले एवढेच दोन शब्द, पण किती मायेने म्हणायचा.

त्या करंगळीएवढ्या जाड शेवया, गोडतिखट. ते मुगाच्या पिठाचं थंडगार, खरवसासारखं थरथरणारं, वर लाल तेल. आणि तांदळाच्या उकडीचे गोळे, आत काळ्या तिळाचं सारण. मी म्हटलं, अगं, हे तर कळ्या पाडायचे राहिलेले मोदक. तू ते लियांगला सांगितलंस, त्याने दुकानदाराला सांगितलं, तो हसला आणि त्याने आणखी दोन वाढले. आणि त्या लाल दाण्यांनी तोंडाला मुंग्या आल्या तेव्हा मी म्हणालो, हे आपलं तिरफळच. लियांगला एवढा आनंद झाला, जसं काही मी त्याचा हरवलेला चुलतभाऊ शोधून दिला.

आता सहाव्या दिवसाचं. ते तू मनातून काढून टाकावंस असं वाटतं. गाव परकं, भाषा परकी, आणि समोर अख्खा मासा, डोक्याशेपटासकट, तोंड माझ्याकडे करून ठेवलेला. जन्मभर शाकाहारी राहिलेला माणूस काय करणार? तो बौद्ध मठातला मासा आहे, कंदाचा केलेला आहे, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी उठलो असतो का? गैरसमज झाला. झालं ते झालं.

मार्चअखेर तुझे दिवस भरतात. मला एप्रिलअखेर परत जायचंय. तुझी आई असती तर तीच आली असती. आता जो आहे तो मी आहे. पापड भाजता येतात, डिंकाचे लाडू सुवर्णाकडून शिकून घेईन. मार्चात येऊ का? नुसतं हो म्हण, बाकी काही लिहू नकोस.

तुझा बाबा


फ्रीमाँट,
४ फेब्रुवारी २००७

चि. आशू,

मला तुझं उत्तर आलं नाही, पण गुरुवारी तू सुवर्णाला फोन केलास. तिने मला काही सांगितलं नाही, ती बिचारी सांगणारही नाही. मी तिथेच मटार सोलत बसलो होतो आणि त्या फोनमधून तुझा आवाज चांगला लांबवर येतो. "बाबांना माहीत होतं," तू म्हणालीस. "गैरसमज झाला असं ते अजून म्हणत असतील, तर त्यांनी येऊ नये."

मी मटार सोलत राहिलो. सालं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात पडत होते, ते शैलेंद्रच्या सावनीने दाखवलं तेव्हा कळलं.

आज सगळ्यांनी मला जेवायला बाहेर नेलं. सुवर्णाने मुद्दाम ती जागा शोधली. एका शॉपिंग सेंटरमध्ये, किराणा आणि केस कापायचं दुकान यांच्यामध्ये, चिनी बौद्धांचं शाकाहारी हॉटेल. कांदा-लसूणसुद्धा नाही. शैलेंद्र मेन्यू हातात घेऊन म्हणाला, "बाबा, इथे फिश लिहिलंय, डक लिहिलंय, पण सगळं व्हेज आहे हां. आत्ताच सांगतोय, नाहीतर इथूनही उठाल."

सुवर्णा म्हणाली, "अहो, जेवू द्या ना त्यांना."

"मी कुठे नको म्हणतोय? मी फक्त डिस्क्लेमर देतोय."

मग तो मासा आला. तसाच. वर सोयाच्या दुधाच्या सायीचं कातडं, तळून कुरकुरीत केलेलं, त्यावर सुरीने काढलेले खवले. सावनी माझ्याकडे बघत होती. आठ वर्षांची पोर, पण घरात काय चाललंय ते तिला सगळं समजतं. म्हणाली, "आजोबा, डोन्ट बी स्केअर्ड. इट्स जस्ट पोटॅटो."

मी खाल्ला. चांगला होता. सुवर्णाने मालकिणीला विचारलं, हा करायला किती वेळ लागतो. ती म्हणाली, आम्ही तयार आणतो, फ्रोझन. घरी किंवा मठात हाताने करायचा तर आदल्या दिवसापासून लागावं लागतं.

विहीणबाईंनी आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधीपासून त्या मठाच्या भोजनगृहात फेऱ्या मारल्या होत्या. आचाऱ्यापाशी उभं राहून करून घेतलं होतं. हे तू मला तेव्हाच सांगितलं होतंस, टॅक्सीत, जेवायला जाताना. त्या खालच्या मानेने बसल्या होत्या आणि तू सांगत होतीस. म्हणजे मला कोणी आधी सांगितलं नाही असं जे मी लिहिलं, ते खोटं आहे. मासा येणार हे नव्हतं सांगितलं, पण सगळं मठातलं आहे, बाबा, निर्धास्त जेवा, हे सांगितलं होतंस.

आणि तरी त्या क्षणी मी दचकलो हे खरं. पण मग विहीणबाईंनी काड्यांनी तो मधोमध उघडला. आतून पांढरा कंद निघाला, वाफाळलेला. तू म्हणालीस, "बाबा, बघा, कोनफळासारखं आहे." मी तोवर खुर्ची मागे सारून उभा राहिलो होतो. मी तो कंद पाहिला, आशू. दारापर्यंत जायला दहा पावलं होती आणि ती दहाही पावलं मी कंद पाहून झाल्यावर टाकली.

का, ते लिहितो. लियांगचा मामा कॅमेरा घेऊन समोर उभा होता. माशाचं तोंड मुख्य पाहुण्याकडे करायचं, त्याच्यासोबत पाहुण्याचा फोटो काढायचा, हा त्यांचा मान. मला दिसला तो फोटो. चिपळुणात मी तुझं लग्न झाल्याचं अजून कोणाला सांगितलेलं नाही. मुलगी तिकडे रिसर्च करते, एवढंच. माझ्या डोळ्यांपुढे तो फोटो आपल्या आळीत फिरायला लागला. चिनी सोयरे, मध्ये मी, मोरेश्वर, आणि मोरेश्वराच्या पुढ्यात मासा. फोटोत कंद कोणाला दिसणार?

आणि जन्मभर शाकाहारी हेही खरं नाही. तिरफळाची चव मला कुठून माहीत, हे तू विचारलं नाहीस. आपल्या घरी ते कधी आलं नाही, तुझ्या आईला वासही चालत नसे. हर्णैला माझा मित्र मनोहर होता. त्याच्याकडे पंप दुरुस्तीला म्हणून जायचो आणि त्याची आई तिरफळ घालून बांगड्याचं कालवण वाढायची. एकदा नाही. लग्नाआधी दोन वर्षं आणि लग्नानंतरही काही दिवस. मी खरा मासा चाटूनपुसून खाल्लाय आणि कंदाच्या माशावरून उठलो. भरल्या पानावरून उठू नये हे तुम्हा दोघांना चार वर्षांच्या वयात शिकवणारा मी.

आणि उठताना जे बोललो ते. "बरं झालं, हे बघायला तुझी आई नाही." तू ते त्यांना सांगितलं नाहीस. बाबांचं पोट बिघडलंय म्हणालीस आणि हसून म्हणालीस. मी दारातून वळून पाहिलं होतं. तुझं ते हसणं मला दिसलं.

आता येऊ का, असं विचारत नाही.

बाबा


फ्रीमाँट,
२५ फेब्रुवारी २००७

चि. आशू,

तुझं पत्र काल आलं. सुवर्णाने माझ्या हातात दिलं आणि आतल्या खोलीत निघून गेली. तू लिहिलंस ते इतकंच आहे की मला पाठ झालं. "मा पाच मार्चला येते आहे. बाळंतपण झालं की पूर्ण एक महिना सून उठत नाही, सगळं सासू करते, अशी त्यांची रीत आहे. तुम्ही आलात तर तिच्याच हातचं, तिच्याच टेबलावर जेवावं लागेल. तुमचं पोट बिघडलं होतं असंच ती समजते. मी तुमच्यासाठी तिच्याशी खोटं बोलले, ते मला रोज बोचतं. आणखी काही सांगायचं राहिलं असेल तर आत्ता सांगा. नंतर कळलं तर मला सोसणार नाही."

म्हणजे दार तू थोडं उघडलंस. काही राहिलं नाही, असं लिहून मी आत येऊ शकलो असतो. काल दिवसभर तेच लिहायचं मनात होतं. शैलेंद्र तर संगणकावर तिकिटंही बघून बसला होता.

राहिलंय.

त्याच दिवशी संध्याकाळी, तुम्ही पाहुण्यांना पोचवायला गेला होतात, तेव्हा माझ्या हॉटेलच्या दारावर थाप पडली. उघडलं तर विहीणबाई. एकट्या. कपाळावर घाम, हातात थर्मास. बसने आल्या होत्या, तिकिटाचा कपटा बोटांत तसाच होता. त्यांनी आपल्या पोटावरून हात फिरवला, माझ्याकडे बोट केलं आणि थर्मास पुढे धरला. झाकण उघडून दाखवलं. पेज होती. तांदळाची, पांढरी, आपण आजाऱ्याला देतो तशी. मी मान लववली, घेतली आणि दार लावलं. त्यांना या, बसा म्हटलं नाही.

आणि ती पेज मी बेसिनमध्ये ओतली.

वाससुद्धा घेतला नाही. नळ सोडला. शितं जाळीत अडकली, ती मी बोटाने आत ढकलली. मग थर्मास साबणाने विसळून पालथा घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण काढून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घातली. मला वाटलं, बाईचं मन भरून आलं, आपल्या हातचं पाहुण्याच्या पोटात गेलं म्हणून. विमानतळावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, आणि माझ्या तोंडाकडे त्यांना बघवेना. तू म्हणालीस, "बघा बाबा, किती जीव लावतात." मी हात सोडवून घेतला.

का ओतली, ते मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. ज्या घरात डुकराचं शिजतं त्याच भांड्यातली असेल, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. पण त्याची मला भीती नव्हती. हर्णैचं तुला लिहिलंच आहे. ती पेज मी प्यायलो असतो तर माझा राग तिथेच संपला असता, आणि मला तो संपवायचा नव्हता. रागाशिवाय माझ्यापाशी त्या गावात दुसरं होतं काय? तू त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होतीस, हसत होतीस, मामाला टाळी देत होतीस. माझी मुलगी एवढ्या माणसांची झाली आणि मला पत्ताच नव्हता. जाऊ दे, ही सबब म्हणून लिहीत नाही.

आता माझं एक ऐक. हे पत्र त्या आल्या की त्यांना वाचून दाखव. पोटाचं खोटं, कंद पाहिल्याचं, पेजेचं, सगळं. मी आदराने लिहिलंय, तूही तसंच सांग, पण गाळू नकोस. त्यांनी येऊ नका म्हटलं तर मी येणार नाही आणि तू माझी बाजू घेऊन भांडू नकोस. बाळंतपणात त्या हव्यात, मी नाही. बाळाचा एक फोटो पाठव म्हणजे झालं.

शैलेंद्रला तिकीट काढू नकोस म्हणून सांगितलंय. तो "काय झालं, काय झालं" करत मागे फिरतोय. त्याला नाही सांगितलं. तुला आधी.

बाबा


फ्रीमाँट,
११ मार्च २००७

चि. आशू,

काल फोनवर माझा आवाज मध्येच गेला, तो लाइनमुळे नाही. सुवर्णाने फोन माझ्या हातातून घेतला. जे बोलता आलं नाही ते लिहितो.

तू म्हणालीस, "बाबा, मी मा-ला सगळं वाचून दाखवलं. ती काहीतरी विचारते आहे." मागून त्यांचा आवाज येत होता, घाईघाईचा. मी पलंगाच्या कडेवर बसून घेतलं.

"ती विचारते, पेज सगळी ओतलीत?"

मी म्हणालो, "हो. सगळी."

"एक घोटही घेतला नाहीत?"

"नाही."

मग पुन्हा त्यांचं काहीतरी. पुन्हा तू. "चव बघायलासुद्धा नाही? बोट लावून?"

मला वाटलं, बाई मला एकेका घोटाचा जाब विचारते आहे आणि तो तिचा हक्क आहे. मी म्हणालो, "सांग त्यांना, वासही घेतला नाही. शितं बोटाने ढकलली, ते बोटही मी धुतलं."

आणि मग त्या रडायला लागल्या का हसायला, मला कळेना.

तू मग जे सांगितलंस ते ऐकून मी रात्रभर कूस बदलत राहिलो. पेज करताना घाईत त्यांचा हात सवयीने शेजारच्या पातेल्यात गेला. हाडांचं पाणी होतं त्यात. दोन पळ्या घातल्या, रोजच्यासारख्या. परतीच्या बसमध्ये बसल्यावर आठवलं. धावत मागे आल्या, हॉटेलच्या खालीच उभ्या राहिल्या आणि वर यायचा धीर झाला नाही, कारण सांगायचं कसं, कोणत्या भाषेत? सकाळी थर्मास बघितला तर धुतलेला, रिकामा. ज्या पाहुण्यासाठी चार दिवस मठात खेपा घातल्या, त्याला आपल्याच हाताने बाटवलं, असं त्या पाच महिने मनात घेऊन राहिल्या. लियांगलाही सांगितलं नाही. दर प्रतिपदेला आणि पौर्णिमेला मठात जाऊन माझ्या नावाने उदबत्ती लावत होत्या. श्रूजबरीला मीही येईन म्हटल्यावर विमानातसुद्धा त्या हाच विचार करत होत्या, यांच्यासमोर बसायचं कसं.

म्हणजे विमानतळावर त्यांना माझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं ते यामुळे. आणि मी समजलो होतो, बाई भारावली.

शैलेंद्रला आता सांगितलं सगळं. तो हसत सुटला. "बाबा, म्हणजे तुमचा उद्धटपणा कामी आला." सुवर्णाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गाडी धुवायला गेला. मला हसू आलं नाही. मी जे केलं ते त्यामुळे चांगलं होत नाही. माझ्या लेखी ती शुद्ध पेज होती आणि तेच समजून मी ओतली. माझ्या हलकटपणाने त्यांची चूक वाया गेली, एवढंच. आणि मी गप्प बसलो असतो तर ती बाई न घडलेल्या पापाच्या उदबत्त्या मरेपर्यंत लावत राहिली असती. तुझ्या पत्रातली ती शेवटची ओळ नसती तर मी गप्पच बसलो असतो, हेही लिहून ठेवतो.

त्यांचा निरोप मिळाला. या, पण येताना तुमचं स्वतःचं पातेलं आणि स्वतःची पळी घेऊन या, माझ्या हातावर माझा आता भरवसा नाही. सांग त्यांना, पातेलं आणतो, पण हात त्यांचाच चालेल.

त्यांचं आणि माझं त्यांनी एका फोनवर मिटवलं. तुझ्या आईचं नाव घेऊन मी तुला जे बोललो, त्याचं तसं होणार नाही. ती असती तर तिने तो मासा आधी माझ्या पानात वाढला असता, तुला माहीत आहे आणि मला तर जास्तच. मी तिला खोटं पाडलं, तेही तुझ्या लग्नाच्या जेवणात. काल फोन ठेवताना तू म्हणालीस, "त्याचं आपण समोर बोलू." तुझा आवाज तेव्हा मऊ नव्हता. मी तो मऊ करून मागत नाही.

मनोहरला आज पत्र टाकलंय. तुझ्या लग्नाचं पहिलं त्याला कळवलं. हर्णैहून येऊन आळीत तो सांगेलच, सांगण्यात तो पटाईत आहे.

शैलेंद्रने वीस तारखेचं तिकीट काढलं. बॉस्टनला दुपारी पोचतो. लियांगला न्यायला पाठव, तू जड अंगाने येऊ नकोस. तू दार उघडशील तेव्हा विहीणबाई आत असतील, त्यांना थोडा वेळ आतच राहू दे. तुला जे बोलायचंय ते आधी उंबऱ्यावर बोल. पूर्ण बोल, मला मध्ये तोंड उघडू देऊ नकोस. माझे बूट तोवर पायातच असतील.

बाबा